नऊ फुटांवरून पडायला लागणारा वेळ

मागच्या मे महिन्यातला तिसरा रविवार, सकाळी साडेदहाचा खेळ. तिकिटं तीन, प्रत्येकी दोनशे दहा, एकूण सहाशे तीस रुपये. ते मी दिले. हजर आम्ही तिघं: मी, माझी मुलगी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. बायकोला जाऊन तेव्हा एक वर्ष सात महिने झाले होते. त्या काळात आम्ही तिघं मिळून कुठे गेलो नव्हतो.

सिनेमा कार्टूनचा होता. मुलीला तो कामासाठी बघायचा होता. ती ॲनिमेशन करते. मालाडच्या एका स्टुडिओचं काम तेव्हा ती घरी बसून करायची. पगार नाही, सेकंदावर पैसे. पडद्यावर जितके सेकंद दिसतील तितक्यांचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, एक सेकंद करायला किती वेळ लागतो? ती म्हणाली, "साधा असेल तर एक दिवस. पाणी, केस, कापड आलं की तीन दिवस."

त्या सिनेमात एक मुलगी ढगावर तरंगणाऱ्या होडीतून खाली पडते. पडता पडता खांद्यावरच्या खारीशी भांडते, निसटलेली चप्पल हवेतच पकडून पायात घालते, वाटेत एका घारीला रस्ता विचारते आणि शेवटी दोन्ही पायांवर उतरते. मी घड्याळ लावलं होतं. एक्केचाळीस सेकंद. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या बिलामागे मी हिशेब केला. हवेचा विरोध सोडून दिला तर एवढ्या वेळात माणूस सव्वाआठ किलोमीटर खाली येतो, आणि जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग आवाजापेक्षा जास्त असतो.

"भावोजी, खारीचं वजन धरलंत का?" मेहुण्याने विचारलं. तो घरी बायकोच्या माहेरच्या बोलीत बोलतो, माझ्याशी मात्र नेहमीच्या मराठीत.

"वजनाने फरक पडत नाही. हलकं आणि जड एकाच वेगाने पडतं."

"मग आमच्या वाडीत नारळ धाडकन आणि पान भिरभिरत का येतं?"

"ते हवेमुळे."

"म्हणजे पडतो फरक."

मुलगी हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं, म्हणून वाद वाढवला नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वालीवला स्प्रिंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे, सत्तावीस वर्षं. ठरलेलं वजन ठेवलं की स्प्रिंग ठरलेल्या उंचीपर्यंत दबली पाहिजे. दबली तर ती डावीकडच्या पेटीत, नाही तर उजवीकडच्या. मधली पेटी आमच्याकडे नाही. त्यामुळे कार्टून बघताना मला त्रास होतो. माणूस कड्याच्या कडेबाहेर चार पावलं चालतो आणि खाली बघेपर्यंत पडतच नाही. घण डोक्यात बसतो आणि डोकं परत फुगतं. घरी आल्यावर मी मुलीला तेच म्हणालो.

"बाबा, आम्ही नियम मोडत नाही. वाकवतो," ती म्हणाली आणि लॅपटॉपवर मला एक चेंडू उसळून दाखवला. जमिनीला टेकताना तो भाकरीसारखा चपटा व्हायचा, उडताना लांबट व्हायचा. "बघ, चपटा झाला की रुंद व्हायलाच पाहिजे. आकार कसाही कर, आतलं घनफळ तेवढंच राहायला हवं. नुसता चपटा केला तर तो फुटल्यासारखा दिसतो."

हे मला पटलं. ही तपासण्यासारखी गोष्ट होती.

"आणि एकदा ठरवलं की आपल्या जगात वाळलेलं पान वर जातं, तर ते शेवटपर्यंत वरच गेलं पाहिजे. मध्येच एक जरी खाली पडलं तर सात वर्षांचं पोरगंही ओरडतं, चीटिंग."

"मग पडणं का लांबवता? ते तरी खरं दाखवा."

"खरं पडणं काढलं तर खोटं दिसतं, बाबा. एका सेकंदात चोवीस चित्रं. माणूस सात-आठ फुटांवरून पडला तर सतरा चित्रांत संपतं. डोळ्याला कळतच नाही. म्हणून पडायच्या आधीचं लांबवायचं. तोल जातो, हात फिरतात, चेहऱ्यावर कळतं की आता पडणार. बघणाऱ्याला तेवढा वेळ द्यायचा. गोष्ट त्या आधीच्या वेळेत असते, पडण्यात नसते."

मी ताट वाढून घेतलं.

माझी बायको नऊ फुटांवरून पडून गेली. सांडोरला तिच्या माहेरची वाडी आहे. केळी, थोडा भाजीपाला आणि कडेला सोनचाफ्याची चार जुनी झाडं. मेहुण्याचे गुडघे गेल्यापासून त्या झाडांची शनिवार-रविवारची फुलं आम्ही दोघं उतरवायला जात असू. तो त्या वेळी वाडीच्या दुसऱ्या टोकाला पाणी सोडत असे. सोनचाफा उजाडायच्या आत काढावा लागतो. एकाने शिडीवर चढून फुलं खुडायची आणि दोरीने परडी खाली सोडायची, दुसऱ्याने खाली शिडी धरायची आणि फुलं मोजून ओल्या गोणपाटावर शंभराचे वाटे लावायचे. वटारकडून टेम्पो साडेसहाला यायचा आणि माल दादरला जायचा. एका रविवारी शिडी सरकली. खाली पाण्याच्या दांडाला, म्हणजे पाटाला, दगडी काठ होता. त्यावर तिचं डोकं आपटलं. दवाखान्यात दोन दिवस होती, बोलली नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मुलीने मला विचारलं होतं, "तू शिडी धरली होतीस ना?"

मी म्हणालो, "धरली होती."

दिवसकार्य झाल्यावर मी तिला कागदावर मांडून दाखवलं. नऊ फूट म्हणजे दोन पूर्णांक चौऱ्याहत्तर मीटर. त्याला लागणारा वेळ पाऊण सेकंद. माणसाला नुसतं दचकायलाच पाव सेकंद लागतो. उरलेल्या अर्ध्या सेकंदात कोणी कोणाला झेलू शकत नाही. "मी होतो तिथून तर नाहीच," मी म्हणालो. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तिने तो कागद जपून ठेवला. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांपैकी कोणी "जवळ असून कसं झालं हो" असं म्हणायला लागलं की माझ्याआधी तीच सांगायची, पाऊण सेकंद. आई गेली हे सोसायला तिच्याजवळ तेवढी एक गोष्ट होती, आणि ती मी दिलेली होती. ती खोटी ठरली असती तर आई तर गेलीच होती, बापही गेला असता.

जून महिन्यात स्टुडिओने तिला एका लहान मुलांच्या मालिकेतला शॉट दिला. सहा सेकंदांचा, सेकंदाला अठराशे रुपये. आभाळात उगवलेल्या झाडावर शिडी लावून एक मुलगी चांदण्या खुडते आहे, खाली एक म्हातारा शिडी धरून उभा आहे, मुलगी पडते. चार दिवस ती त्यावर बसली. मग जेवताना म्हणाली, "बाबा, एक विचारू? नको असेल तर सरळ नको म्हण."

"विचार."

"मला खालचा माणूस जमत नाहीये. तू उभा राहशील? मी फोनवर घेते. आम्ही सगळेच असं करतो, स्वतः करून बघतो आणि त्यावरून काढतो. पण मला म्हातारं अंग पाहिजे."

"म्हातारं?"

"बरं, मध्यमवयीन."

नको म्हणालो असतो तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो.

सकाळी तिने पडद्याच्या दोन लांब काठ्या गॅलरीच्या दाराला तिरक्या टेकवल्या. फोन खुर्चीवर, खाली दोन उशा. "ही शिडी. वर ती फुलं, म्हणजे चांदण्या, खुडतेय. मी 'पडली' म्हणाले की वर बघ. बास. ॲक्टिंग करू नकोस."

"मला कुठे येते."

तीनदा घेतलं. मी काठ्या धरल्या, तिने 'पडली' म्हटलं, मी वर बघितलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मी डबा घेऊन कामावर गेलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मला शेजारी बसायला सांगितलं. एकेक चित्र पुढे सरकवत ती म्हणाली, "हे बघ. इथे तू काठी धरलीयस. इथेही. आता हा हात कुठे गेला?"

पडद्यावर माझा उजवा हात काठीवरून सुटून छातीपाशी येत होता. तर्जनी वर झाली होती. डाव्या हाताची खोलगट वाटी झाली होती आणि तोही काठीवर नव्हता. ओठ हलत होते.

"मी 'पडली' म्हणायच्या बरंच आधी," ती म्हणाली. "एकदा नाही, तिन्ही वेळा. मोजलं मी. तिन्ही वेळा जवळजवळ अठ्ठेचाळीस फ्रेम. बाबा, तू कोणाला थांब म्हणतोयस?"

हे मी करतो आहे याचा मला पत्ताच नव्हता. मी म्हणालो, "खांदा आखडला असेल."

"दोन्ही खांदे?"

खाली सोसायटीच्या आवारात कोणी तरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज थांबला. मग सांगितलं.

सोनचाफ्याच्या पाकळीला हात लागला की ती काळी पडते. म्हणून एकदाच मोजायचं, परत मोजायचं नाही. आकडा चुकला तर अख्खा वाटा पुन्हा हाताळावा लागतो आणि त्यातली निम्मी फुलं डागतात. व्यापारी डागलेली घेत नाही. बायकोने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुमच्यासारखा मोजणारा मिळाला म्हणून नेते हो तुम्हाला, नाही तर काय करायचंय?" याचा मला अभिमान होता. त्या रविवारी चार वाटे पुरे झाले होते, पाचवा चालू होता. डाव्या हाताच्या वाटीत न मोजलेली फुलं होती, उजव्या हाताने मी एकेक ठेवत होतो, आणि शिडीला नुसता गुडघा लावला होता. रात्री पाणी दिलेलं, जमीन मऊ झालेली. वरून ती म्हणाली, "अहो, शिडी सरकतेय. धरा दोन्ही हातांनी."

मी बोट वर केलं आणि म्हणालो, "थांब. सत्त्याऐंशी."

नंतर कित्येकदा मी ते वाक्य घड्याळ लावून स्वतःशी म्हणून बघितलं आहे. तिचं बोलणं संपल्यापासून माझं सत्त्याऐंशी संपेपर्यंत दोन सेकंद भरतात. दोन सेकंद म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. तेवढ्यात फुलं टाकून शिडी धरता येते. मी स्वयंपाकघरातल्या शिडीवर करून बघितलं आहे. एका सेकंदात येते.

मुलगी ऐकत होती. रडली नाही. तिने लॅपटॉपवर बोट ठेवून चित्रं मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली.

"पडायला किती लागले?"

"पाऊण सेकंद. ते खरंच आहे."

"म्हणजे अठरा फ्रेम." ती पुढे म्हणाली, "तू मला अठराच दिल्यास, बाबा. आधीच्या अठ्ठेचाळीस स्वतःकडे ठेवल्यास."

"तुला काय सांगणार होतो मी?"

"हेच."

ती उठून आत गेली. आमच्यात भांडण असं झालं नाही. पुढचे अकरा दिवस ती कामापुरतं बोलली. गॅस संपलाय. दूधवाल्याला सांग. पार्सल आलं तर घे. बाराव्या दिवशी दारात चपला घालता घालता म्हणाली, "मामाला तू सांगणार आहेस की मी सांगू?"

शनिवारी मी सांडोरला गेलो. मेहुणा केळीची सुकलेली पानं काढत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो पानं काढत राहिला.

"भावोजी, मला माहीत होतं."

"कसं?"

"आडवी पडली होती शिडी, झाडापासून चार हात लांब. माणसाने धरलेली शिडी अशी नाही पडत. त्याच्या अंगावर येते. तुम्हाला एक ओरखडा नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? ताई उठून बसली असती?" त्याने कोयता खांबाच्या खाचेत अडकवला. "मी दोन महिने वाट बघितली तुमची, आज सांगतील, उद्या सांगतील. मग म्हटलं, राहू दे. मला तुमचा राग नव्हता असं नाही हं. अजून आहे. चहा घेणार?"

मी घेतला. मी सत्तावीस वर्षं स्प्रिंगा तपासतो. शिडीकडे एकदा बघून तो ओळखू शकेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

दरम्यान मुलीने शॉट पुरा केला. मला दाखवला. सहा सेकंद म्हणजे एकशे चव्वेचाळीस चित्रं. त्यातली फक्त अठरा पडण्याची होती. उरलेल्या सव्वापाच सेकंदांत म्हाताऱ्याचे हात होते: शिडीवर घट्ट, मग सैल, मग एक बोट वर. चित्रातली मुलगी एकदम वरून चौकटीच्या खालच्या कडेबाहेर जात होती, कळायच्या आत. म्हातारा अजून बोट वर करूनच उभा. आभाळ वगैरे सगळं होतं, चांदण्याही होत्या, पण त्या झाडाखाली कोणताच नियम वाकला नव्हता. मी तपासनीस म्हणून सांगतो, त्यात चूक नव्हती.

स्टुडिओच्या माणसाचा फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर ठेवला होता. तो म्हणाला, "यार, बच्चों का शो है. पाँच साल का बच्चा देखेगा. लड़की को हवा में लटका, थोड़ा तैरने दे, फिर वो बूढ़ा पकड़ लेता है. तेरे को तो आता है ये सब."

"आता है," ती म्हणाली.

"तो कर दे ना. मंगल तक."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "कर की. कार्टूनच आहे. एक दिवसाचं काम. तरंगू दे तिला."

"मला येतं ते, बाबा. पहिल्या वर्षी तेच शिकवतात. तिला हवेत थांबवलं की खालच्याला वेळ मिळतो. मग तो पकडतो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि तू पकडलं नाहीस. मी ते काढायला बसले की हात चालत नाही. मी काल दोनदा बसले."

"माझ्यासाठी म्हणून नको करू. पण पैसे—"

"तुझ्यासाठी करत नाहीये. आईला मी सहा सेकंदांपुरतंही खोटं हवेत तरंगत ठेवणार नाही."

मंगळवार गेला. स्टुडिओने तो शॉट हैदराबादच्या एका मुलाला दिला. त्याने तो नीट केला असणार. मालिका पुढे टीव्हीवर लागली, मी बघितली नाही. मेहुण्याने बघितली. म्हणाला, पकडतो म्हातारा, एका हाताने.

ऑगस्टमध्ये मुलीने मालाडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. कारण सांगितलं की स्टुडिओत रोज जायला बरं पडेल, इथून जाऊन-येऊन साडेतीन तास जातात. हिशेब बरोबर असेल. मी तो तपासला नाही. ती निघाली त्या सकाळी दारात दोन बॅगा आणि लॅपटॉप होता. मी विचारलं, "तो कागद नेतेस का?" तिला कळलं कोणता.

"नाही. तुझ्याकडे राहू दे. त्यावर उरलेलं लिहून ठेव."

मी लिहिलं. पाऊण सेकंदाच्या वर, आधी दोन सेकंद. बेरीज पावणेतीन. खाली सही केली नाही, तारीख टाकली.

ती रविवारी फोन करते. जेवलास का, गोळी घेतलीस का, मामा कसा आहे. फोन सहा-सात मिनिटं चालतो. विचारायचं दोन मिनिटांत संपतं. फोन मात्र दोघांपैकी कोणी घाईने ठेवत नाही.

त्या सहा सेकंदांचे दहा हजार आठशे रुपये हैदराबादच्या मुलाला मिळाले. माझ्या मुलीला तिने काढलेल्या एकशे चव्वेचाळीस चित्रांचं काही मिळालं नाही. तिच्या वाट्याचं डिपॉझिट पस्तीस हजार होतं. तिच्याजवळ बारा होते. उरलेले तेवीस हजार मी मालाडच्या घरमालकीण बाईंना दिले आणि पावती मुलीच्या नावाने करून घेतली.